डॉक्टरांच्या नावाची गाठ

माझी बायको मेली त्याला आठ महिने झाले. लोक म्हणतात, गेली. गेली म्हणजे कुठे गेली? धरणगावला भावाकडे जायची तेव्हा आम्ही गेली म्हणायचो. चार दिवसांनी परत यायची आणि घरात झाडू का फिरला नाही म्हणून दारातूनच माझा उद्धार करायची. ही मेली आहे. मी सातवी शिकलेला माणूस, मला साधा शब्द बरा वाटतो.

लिहायला बसायचं कारण मॅडम. मी जळगावात एका डॉक्टरांच्या बंगल्यावर सत्तावीस वर्षं ड्रायव्हर होतो आणि इंदू त्याच बंगल्यात स्वयंपाकाला. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही राहायचो. गाडी आता दुसरा चालवतो, खोली मला राहू दिली आहे. हे त्यांचं चांगलं आहे, ते आधी लिहितो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. तर डॉक्टरांच्या क्लबचं एक पत्रक निघतं. त्यात मॅडमनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, इंदूवर लिहिलं. 'आमच्या बंगल्याची अन्नपूर्णा हरपली. शांत, सोशिक, मितभाषी इंदूअक्का आम्हाला घरच्यासारख्या होत्या.' वर फोटो. फोटोत पुढे मॅडम आहेत, मॅडमच्या मागे चहाचा ट्रे आहे आणि ट्रेच्या मागे इंदू आहे, अर्धी.

मितभाषी वाचल्यावर मी पान उलटून पाहिलं, मजकूर दुसऱ्या कोणाचा तर नाही ना. इंदू उतू जाणाऱ्या दुधाशी भांडायची. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर त्याच्या आईबापावर जायची. सोशिक म्हणाल तर तिला भाजीत दुसऱ्याने टाकलेलं मीठसुद्धा सोसायचं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यावर मॅडमनी पत्रकात दोन ओळी लिहिल्या आहेत. इंदू आयुष्यभरात त्यावर दोन शब्द बोलली नव्हती.

म्हणून जे होतं ते लिहून ठेवतो. पत्रक छापेल असं वाटत नाही.

इंदू बुटकी, काळी, कपाळावर मोठं कुंकू आणि डाव्या हातावर तेलाच्या डागांची रांग. शाळेत एक दिवस गेली नाही. बोली अहिराणी, ती तिने कोणासाठी बदलली नाही, कलेक्टर जेवायला आले तरी नाही. डॉक्टर मूळचे पारोळ्याकडचे, त्यांना सगळं कळायचं. मॅडम पुण्याच्या. त्यांना अर्धं कळायचं, आणि ते अर्धं सोयीचं नसलं की तेही कळायचं नाही.

तिची एक खोड होती. तिच्यासमोर कोणी शब्द दिला की ती पदराच्या टोकाला गाठ मारायची. कोणाला दाखवायची नाही, बोलता बोलता खाली हात जायचा आणि गाठ बसायची. शब्द पुरा झाला की सोडायची. लक्षात ठेवायला बायका अशी गाठ मारतात, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. सकाळी लुगडं बदललं की जुन्या पदरावरच्या सगळ्या गाठी ती नव्या पदरावर परत मारायची. एकेक गाठ मारताना तोंडाने नाव घ्यायची, ही अमक्याची, ही तमक्याची, आणि मगच चूल पेटायची. पूजा म्हणा, हजेरी म्हणा, तिचं ते होतं.

माझ्या नावाच्या तीन गाठी कायम असायच्या. तंबाखू सोडायची एक, चाळीसगावच्या पाटणादेवीला न्यायची एक आणि न्हाणीघराच्या दाराला कडी बसवायची एक. पाटणादेवीची सुटली. तंबाखूची अजून तशीच आहे. कडी मी तिच्या दहाव्यानंतर बसवली. आता आतून कडी लावून बाहेर कोणापासून लपायचं, हा प्रश्नच आहे.

जेवायची ती स्वयंपाकघराच्या मागच्या उंबरठ्यावर, ताट मांडीवर घेऊन. आम्ही नवीन होतो तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, इंदूअक्का, टेबलावर बसा, तुम्ही घरच्यासारख्याच आहात. इंदू म्हणाली, "घरना लोके टेबलवर बठतस. घरनासारखा उंबरठावर." आणि भाकरी मोडली. 'सारखा' या शब्दावर तिचा राग होता. भरतात वांग्यासारखं काही घालत नाहीत, वांगं घालतात, असं तिचं म्हणणं.

एका वर्षी डॉक्टर आणि मॅडम आफ्रिकेला जाऊन आले. दहा-बारा डॉक्टरांची जोडपी मिळून गेली होती, सिंह-हत्ती बघायला. आले ते मसाई लोकांचं वेड घेऊन आले. लाल चादरी पांघरलेली, काठीसारखी उंच, गुरं राखणारी माणसं. मॅडमनी हजारभर फोटो काढले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते बघावे लागायचे, अगदी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही. त्या मसाई लोकांत पोरी हुशार असतात पण सातवी-आठवी झाली की बाप लग्न लावून देतो, मुलाकडचे बापाला गाई देतात, आणि शाळा संपते. तिथली एक संस्था अशा पोरींना हायस्कुलात घालते, वसतिगृहात ठेवते. बाहेरच्या लोकांनी एकेक पोरगी वाटून घ्यायची, तिचा खर्च द्यायचा. मॅडमनी एक घेतली. नासेरियन तिचं नाव.

काम चांगलंच होतं. त्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि इंदूनेही कधी ठेवलं नाही. दिवाणखान्यात दोन फोटो लागले. एक सिंहाचा, एक नासेरियनचा. सिंहाच्या फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. पोरीच्या फोटोखाली 'आमची नासेरियन'.

तिची पत्रं यायची, इंग्रजीत. मॅडम चार लोक जमवून वाचायच्या, आधी इंग्रजी, मग मराठीत सांगायच्या. इंदू ट्रे घेऊन दाराशी थांबून ऐकायची. पोरीला वसतिगृहात काय काय मिळालं ते पहिल्या पत्रात होतं. पत्र्याची पेटी, घोंगडी, मच्छरदाणी, बूट, साबण, दोन गणवेश. इंदूने ते एकदाच ऐकलं आणि वाणसामानाच्या यादीसारखं पाठ केलं. मी म्हटलं, तुला काय करायचंय. ती म्हणाली, ऐकायला काय जातं.

मॅडम गाईंची गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायच्या. सगळे हळहळायचे. एकदा हळहळणाऱ्यांत एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, मुलीच्या बापाने दारात नवीन गाडी उभी करून दिलेली. ती गाडी मीच दोन तास आमच्या फाटकात लावून घेत होतो. रात्री जेवताना इंदू एवढंच म्हणाली, "तठे पोरना बापले गाया भेटतस, आठे पोऱ्याना बापले गाडी." आणि कांदा फोडला.

आता रमलीचं सांगतो.

रमली पावरा आदिवासी. चोपड्याच्या वर सातपुड्यात तिचा पाडा. तिचा बाप मोहाच्या झाडावरून पडला, खुबा मोडला, डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याला उभा केला. डॉक्टरांचा हात चांगला आहे, ते मी सत्तावीस वर्षं बघितलं. बाप पाया पडायला लागला. आश्रमशाळेत आठवी पास झालेली पोरगी त्याच्या उशाशी बसलेली. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, पाया पडू नको, हिला माझ्याकडे पाठव, नववीला जळगावात घालतो, शिकवतो. इंदू तेव्हा डॉक्टरांचा डबा घेऊन वॉर्डात उभी होती. डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पदराला गेला. मी बघितलं.

मे महिन्यात रमली आली. चौदा वर्षांची, सडपातळ, डोळे खाली. कापडी पिशवीत दोन झगे, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आणि आठवीची गुणपत्रिका, चार घड्या घातलेली. मॅडमनी तो दाखला घेऊन आपल्या कपाटाच्या खणात ठेवला. हरवायला नको म्हणून.

जून आला. मॅडमची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, बाळ दोन महिन्यांचं. रमलीच्या हातात बाळ लगेच गप्प व्हायचं. मॅडम म्हणाल्या, एवढं एक वर्ष जाऊ दे, बाळ लहान आहे, पुढच्या वर्षी नक्की. बाळ पुण्याला गेलं तेव्हा दिवाळी झाली होती. शाळा तर सुरू झालेली. मग भांडीवाली सोडून गेली. मग फरशी. रमलीला काम पडतच गेलं आणि ती करतच गेली. मॅडम वाईट वागल्या असं नाही. अंगाला चांगले कपडे, पोटभर खाणं, दिवाळीला ड्रेस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ही रमली, आमच्या मुलीसारखी. त्यांची मुलगी डेंटिस्ट आहे.

नासेरियनचा वाढदिवस बंगल्यावर व्हायचा. ती तिकडे आफ्रिकेत, केक इकडे जळगावात. फोटो टेबलावर, फोटोपुढे केक, पंधरा-वीस लोक टाळ्या वाजवायचे आणि तो व्हिडिओ तिकडे पाठवायचे. एवढ्या लोकांच्या बशा मागे न्हाणीत रमली घासायची. इंदूने केकचा एक तुकडा पहिलाच काढून ठेवलेला असायचा. तो रमलीच्या तोंडाशी धरून म्हणायची, "खा. तुन्ही बहिणना वाढदिवस शे." रमलीला आधी समजलं नाही. मग एकदा तिने विचारलं, ती कितवीत आहे? इंदू म्हणाली, नववीत. रमली तीच ती बशी घासत राहिली.

त्या दिवसापासून इंदूचं डोकं चालू झालं. ते चालू झालं की मला भीती वाटायची. मी म्हटलं, बाई, आपण नोकर माणसं, तू त्यांना तोंडावर काही बोलू नको. ती म्हणाली, मी कुठे काय बोलते. आणि खरंच कित्येक महिने ती मॅडमला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त रोज सकाळी नवीन पदराला डॉक्टरांच्या नावाची गाठ मारायची. मितभाषी म्हणायचं असेल तर एवढ्यापुरतं म्हणा.

संस्थेचा एक नियम होता. पोरीला उत्तर पाठवायचं ते हाताने लिहिलेलं, हाताने केलेलं पाहिजे. बाजारातलं छापील कार्ड नको. मॅडमला वेळ कुठला. त्या चार ओळी लिहायच्या आणि बाकी कागद भरायला रमलीला सांगायच्या, काढ गं काहीतरी, तुझा हात बरा आहे. रमली जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढत बसायची, ते त्यांनी बघितलेलं होतं. तिने शेळ्या काढल्या. डोंगर, डोंगरावर शेळ्या, एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून झाडाचा पाला खाते आहे, खाली एक पोरगी काठी घेऊन बसलेली.

मॅडम कार्ड बघून छान म्हणाल्या, इंदूजवळ देऊन टाकलं, नानांना पोस्टात टाकायला सांगा म्हणाल्या आणि मीटिंगला गेल्या. नाना म्हणजे मी. इंदूने कार्ड ओट्यावर ठेवलं, ओल्या हाताने नाही, हात पुसून, आणि रमलीला हाक मारली.

"तुन्हं नाव लिख."

रमली म्हणाली, मॅडमचं नाव आहे ना.

"म्याडमनं म्याडमना जागे. शेया कोणी काढ्यात?"

रमलीने शेळ्यांच्या खाली, त्या बसलेल्या पोरीच्या पायाशी, इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. आश्रमशाळेत तेवढं शिकली होती. मी म्हटलं, मॅडमला कळलं तर काय सांगशील. इंदू म्हणाली, तुम्हाला कोणी विचारलं का? पाकीट चिकटवा. मी चिकटवलं. ड्रायव्हरचं काम पुढे बघण्याचं. मी पुढे बघत पोस्टात गेलो.

उत्तर यायला चार महिने लागले. तो मार्च होता. डॉक्टर त्या वर्षी क्लबचे अध्यक्ष होते आणि दिवाणखान्यात क्लबची बैठक चालू होती, बारा-तेरा माणसं. टपाल मीच आत नेऊन दिलं. परदेशी तिकीट बघून सगळे म्हणाले, वाचा, वाचा. मॅडम उभ्या राहिल्या. रमली बिबड्यांची, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, ताटली फिरवत होती. मी परत निघालो होतो, पण दारातच थांबलो.

मॅडम वाचत गेल्या आणि सांगत गेल्या. नासेरियन पास झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. घरच्या गाई दुष्काळात मेल्या होत्या. मग मॅडम हसून म्हणाल्या, बघा हं, चित्राबद्दल लिहिलंय. तुम्ही पाठवलेल्या शेळ्या मी सगळ्या मैत्रिणींना दाखवल्या. ज्याने शेळ्या राखल्या आहेत त्यालाच शेळीचे कान असे काढता येतात. आमच्याकडेही शेळी अशीच उभी राहून पाला खाते. आणि इथे मॅडमचं वाचन थांबलं.

क्लबात एक रिटायर हेडमास्तरीण बाई होत्या. त्या म्हणाल्या, पुढे? मॅडम म्हणाल्या, पुढे असंच, धन्यवाद वगैरे. बाईंनी चष्मा लावला, पत्र हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. आयुष्यभर वर्गात वाचलेलं, आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा. मग मराठीत सांगितलं, जशा पोरांना सांगत असतील तसं.

"रमली कोण आहे? तुमची मुलगी का? ती कितवीत आहे? तिला मला पत्र लिहायला सांगा."

कोणी बिबडा मोडला नाही. रमली ताटली घेऊन मधोमध उभी. हेडमास्तरीण बाईंनी विचारलं, रमली कोण? आणि रमलीने, वर्गात हजेरीला म्हणतात तसं, हळूच हात वर केला. ताटली एका हातावर कलली. दोन बिबडे खाली पडले.

इंदू स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या वर्षांत बैठक चालू असताना ती ट्रेशिवाय कधी दिवाणखान्यात आलेली मी बघितली नव्हती. आधी खाली वाकून बिबडे उचलले. मग मॅडमकडे बघून अगदी साध्या आवाजात, आज रात्री भाजी कोणती करू असं विचारावं तशी म्हणाली,

"म्याडम, त्या पोरले काय लिखशात? वाट दखी ऱ्हायनी व्हई ती."

मॅडमना या वेळी सगळं कळलं होतं, हे मला त्यांच्या कानांवरून समजलं. ते लाल झाले होते. इंदू डॉक्टरांकडे वळली. पदराचं टोक पुढे धरलं.

"डॉक्टरसाहेब, हाई गाठ तुम्हनी शे. वॉर्डमा मारेल. दोन वरीस व्हवाले उनात."

डॉक्टरांनी त्या गाठीकडे बघितलं. ते क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरून बघतात, तसं बघितलं. हाड कुठे मोडलं आहे ते त्यांना कळतं, तो त्यांचा धंदाच आहे. मग म्हणाले, "नववीत. लिहा तिला, रमली जूनपासून नववीत आहे." तेरा माणसांच्या समोर म्हणाले.

मला वाटलं इंदू गाठ सोडेल. तिने पदर परत कमरेला खोचला. "जूनमा सोडसू," म्हणाली आणि बिबडे तळायला आत गेली.

पुढे जे झालं त्यात क्लबची हौस होती. आफ्रिकेतली पोरगी लांब होती, ही हाताशी होती. त्यांनी कार्यक्रम ठेवला. बॅनरवर डॉक्टरांचा फोटो एवढा मोठा, मॅडमचा त्याहून थोडा लहान, अकरा पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो, आणि खाली उजवीकडे, खिळा ठोकायला जागा सोडतात तिथे, रमली. व्यासपीठावर तिला पत्र्याची पेटी द्यायची होती. फोटोवाल्याला पहिल्या दोन्ही वेळा कोणाचे तरी डोळे मिटलेले आले, म्हणून पेटी तीनदा दिली आणि दोनदा परत घेतली. भाषणात एक जण म्हणाले, आज एक मुलगी अंधारातून प्रकाशात आली. ती आमच्याच अध्यक्षांच्या न्हाणीतून आली होती. तिथे ट्यूबलाइट आहे.

पेटी घरी आणल्यावर इंदूने उघडली. रिकामी. जड नको म्हणून फोटोसाठी रिकामीच दिली होती, आणि भरायची कोणाच्या लक्षात राहिलं नाही. चूक कोणाचीच नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने भरली असेल. इंदू चिडली नाही. मला घेऊन बाजारात गेली आणि उभ्या उभ्या यादी म्हणत सामान घेतलं. घोंगडी, मच्छरदाणी, बूट, साबण, दोन गणवेश. दुकानदार म्हणाला, अक्का, एवढं पाठ कसं? ती म्हणाली, आफ्रिकातून पत्र आलं आहे.

मॅडमचं म्हणणं होतं जवळच्या शाळेत घालू, दुपारची शाळा, सकाळी घरी मदतही होईल. इंदूने विचारलं, "नासेरियन भांडा घासीसन शाळामा जास का?" मॅडमनी दुसऱ्या दिवशी दाखला खणातून काढून दिला. धुळ्याला मुलींचं वसतिगृह आणि शाळा एकाच आवारात आहे, तिथे नाव घातलं. डॉक्टरांनी खर्च उचलला तो खरा उचलला, एकदाही मागे राहिले नाहीत, हेही लिहितो.

मी गाडीने पोचवायला गेलो. इंदू मागच्या सीटवर पेटीला धरून बसली. एरंडोल येईपर्यंत रमलीला शिव्या देत होती, केस नीट बांध, कोणाला घाबरू नको, जेवताना लाजू नको. पारोळ्यापुढे दोघी खिडकीतून बाहेर बघत बसल्या. फाटकाशी इंदूने डॉक्टरांच्या नावाची गाठ सोडायला घेतली. रोज नवीन मारलेली गाठ, सैल असायला पाहिजे, पण त्या दिवशी सुटेना. शेवटी दातांनी सोडली. पदर झटकला आणि म्हणाली, जा.

महिन्यातून एका रविवारी भेटायची परवानगी होती. इंदू एसटीने जायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा बांधून. मी पहिल्या वेळी बरोबर होतो. वॉर्डन बाईंनी वहीत लिहायला विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? आई? मावशी?

"कोणीच नही," इंदू म्हणाली. "मी सयपाक करस. भाकर लई उनू."

वॉर्डनने पेन तसंच धरलं. मग कोऱ्या रकान्यात 'इंदूबाई' एवढंच लिहिलं. पुढची दोन वर्षं तेच चाललं.

रमली दहावीला असताना इंदूला पोटाचं दुखणं निघालं. निघालं तेव्हा फार उशीर झालेला होता. तिनेच अंगावर काढलं होतं, आणि मी शेजारी झोपत होतो, मला कळलं नाही. यावर आणखी लिहीत नाही.

डॉक्टरांनी आपल्याच हॉस्पिटलात ठेवली, वेगळ्या खोलीत. मे महिना होता, दहावीचा निकाल लागायला थोडे दिवस बाकी होते. मॅडम रोज यायच्या. त्या खरंच रडायच्या, मी खोटं कशाला लिहू. एका दुपारी त्यांनी इंदूचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "इंदूअक्का, तुम्ही मला आईसारख्या आहात हो."

इंदूचे डोळे मिटलेले होते. तिने एक उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मग मॅडमला म्हणाली, आईसारखी ना, मग आईसारखं एक ऐका. रमली पास होणार आहे. पुढे अकरावी, बारावी. तिचा बाप पोरगा बघतो आहे, निरोप आला आहे.

मॅडम म्हणाल्या, हो, नक्की, काही काळजी करू नका. डॉक्टर राउंडला आलेले, दाराशी उभे होते. तेही म्हणाले, मी शब्द देतो. इंदूचा हात खाली गेला. अंगावर हॉस्पिटलचा निळा झगा. हात तिथल्या तिथे फिरला आणि थांबला.

"या झगाले पदर नही," ती म्हणाली. "लिखी द्या."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. कागद दुसरा कुठला, औषधं लिहायचंच पॅड. इंदू म्हणाली, नानांना वाचता येईल असं लिहा. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा तसं अक्षर काढलं, बाळबोध, एकेक काना वेगळा. 'रमली. अकरावी, बारावी. पुढे तिला पाहिजे ते.' खाली सही केली, आणि सवयीने तारीखही टाकली.

रमली पास झाली, तेव्हा इंदू नव्हती. जूनमध्ये बापाचा निरोप परत आला, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत म्हणून. मी कागद घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर पेशंटच्या रांगेत बसलो. माझा नंबर आल्यावर कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, टाय काढून ठेवला आणि म्हणाले, नाना, गाडीत बसा. ते स्वतः गाडी चालवत पाड्यावर आले. बाप दोन्ही पायांवर उभा होता, त्यांनीच उभा केलेला. तासभर बोलले. रमली आता अकरावीत आहे, धुळ्यालाच. तिचं नासेरियनला इंग्रजीत पत्र जातं. त्यात काय लिहिते ते मला कळत नाही, शेळ्या मात्र असतात.

इंदूच्या दवाईचे सगळे कागद मी टाकून दिले. तो एक माझ्या पेटीत आहे. बारावी व्हायची आहे.

त्या दुपारी कागद लिहून देऊन डॉक्टर आणि मॅडम गेल्यावर इंदू म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचलं. म्हणाली, सगळं वाचा, वरचं, खालचं, काही सोडू नका. मग मी हॉस्पिटलचं नाव वाचलं, डॉक्टरांच्या डिग्र्या वाचल्या, वेळ, सोमवार ते शनिवार. मधलं रमलीचं वाचलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही वाचलं. 'पुढच्या वेळी येताना हा कागद सोबत आणावा.'

"ते चांगलं छापेल शे," इंदू म्हणाली.

मग तिने तोंड खिडकीकडे केलं. मला वाटलं झोपली. पण तिचा उजवा हात झग्याच्या काठावरून हळूहळू चालला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे, आणि ओठ हलत होते. सकाळी चूल पेटवायच्या आधी हलायचे, तसे.